नवी गाडी पहिले हजार किलोमीटर जपून चालवायची म्हणजे नेमकी कशी? इंजिनच्या आत काय घडतं?

दसरा असो, गुढीपाडवा असो की धनत्रयोदशी, गाडीची डिलिव्हरी घ्यायला आपल्याकडे मुहूर्त लागतो. शोरूमच्या दारात हार, नारळ, चाकाखाली लिंबू, चावी हातात घेतानाचा फोटो आणि मग पहिली चक्कर थेट देवाला. कोणी जेजुरीला जातं, कोणी शिर्डीला, कोणी तुळजापूरला.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. मतभेद सुरू होतात ते गाडी चालवायची कशी यावरून.

घरातले मोठे सांगतात, "नवीन आहे, साठच्या वर नेऊ नकोस." यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ सांगतो, "पहिल्या दिवसापासून दाबून चालवा, नाहीतर इंजिन कायमचं मंद राहील." आणि शोरूममधला सेल्समन म्हणतो, "सर, आजकालच्या गाड्यांना असं काही लागत नाही."

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे. पण एकाचंच पूर्ण ऐकलं तर पंचाईत होऊ शकते. नव्या कोऱ्या गाडीत हा धोका कमी असतो. ज्यांनी जुन्या गाडीच्या इंजिनचं काम करून घेतलंय, त्यांच्यासाठी मात्र तो बराच मोठा असतो. कारण रिंगा नीट बसल्या नाहीत तर तेच इंजिन पुन्हा खोलावं लागतं. टॅक्सी किंवा टेम्पो चालवणाऱ्यासाठी तो दुहेरी फटका असतो. काम पुन्हा करायचे पैसे जातात आणि गाडी उभी राहिल्यामुळे रोजची कमाईही बुडते.

म्हणूनच समजून घेऊया, इंजिन 'रुळतं' म्हणजे नेमकं काय होतं.

रनिंग-इन म्हणजे काय?

नवी कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस करकरते, चावते आणि मग हळूहळू पायाला बसते. इंजिनमधल्या धातूच्या भागांचंही काहीसं तसंच असतं. एकमेकांवर घासणारे नवे भाग सुरुवातीच्या काळात अगदी किंचित झिजतात आणि एकमेकांच्या आकाराला जुळतात. या काळाला 'रनिंग-इन' किंवा 'ब्रेक-इन' म्हणतात.

यात सगळ्यात महत्त्वाची जोडी आहे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत.

सिलिंडर ही एक गोल पोकळी असते आणि तिच्यात पिस्टन वर-खाली होत असतो. टॅकोमीटरचा काटा ३,००० आरपीएमवर असतो तेव्हा प्रत्येक पिस्टन एका सेकंदात ५० वेळा वर आणि ५० वेळा खाली जातो. पिस्टन तापला की फुगतो, म्हणून तो आणि सिलिंडर यांच्यात थोडी फट ठेवावी लागते. ही फट बंद ठेवण्याचं काम रिंगा करतात.

बहुतेक गाड्यांमध्ये एका पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः जळालेल्या इंधनाचा दाब खाली निसटू देत नाहीत. तिसरी रिंग भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली पाठवते.

सिलिंडरची भिंत गुळगुळीत नसते?

नसते. आणि ती मुद्दामच तशी ठेवलेली नसते.

सिलिंडर बोअर करून झाला की त्यावर 'होनिंग' करतात. म्हणजे फिरत्या घासणीच्या दगडांनी आतल्या भिंतीवर तिरके, एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे पाडतात. जाळीसारख्या दिसणाऱ्या या नक्षीला 'क्रॉस-हॅच' म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर असते. हे ओरखडे त्याहून कितीतरी उथळ, जेमतेम काही मायक्रोमीटर खोल असतात.

त्यांची दोन कामं आहेत. पहिलं म्हणजे ऑइल धरून ठेवणं. भिंत काचेसारखी असती तर ऑइल टिकलंच नसतं. दुसरं म्हणजे सुरुवातीच्या काळात कानशीसारखं काम करणं. ओरखड्यांमधले उंचवटे रिंगेला किंचित घासतात, रिंग त्या उंचवट्यांना सपाट करते आणि दोघं एकमेकांशी चपखल जुळतात. गॅरेजच्या भाषेत यालाच 'रिंगा बसल्या' असं म्हणतात.

महत्त्वाचं म्हणजे हे उंचवटे एकदाच वापरता येतात. ते बऱ्यापैकी लवकर सपाट होतात. म्हणून रिंगा बसायची संधी सुरुवातीच्या काळातच असते.

मग फार जपलं तर बिघडतं कुठे?

अनेकांना इथलं उत्तर उलटं वाटतं.

रिंग भिंतीवर दाबली जाते ती फक्त तिच्या स्वतःच्या ताणामुळे नाही. सिलिंडरमध्ये इंधन जळतं तेव्हा तयार झालेला वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेरच्या बाजूला ढकलतो. ॲक्सिलरेटर जितका जास्त दाबाल तितका हा दाब जास्त. म्हणजे रिंगा बसायला इंजिनवर थोडा भार यावाच लागतो.

गाडी कायम हलक्या पायानं चालवली किंवा तासन् तास जागेवर चालू ठेवली, तर हा दाब पुरेसा तयार होत नाही. रिंगेच्या बाजूनं वायू खाली निसटतो आणि ऑइल वर भिंतीवर राहतं. ते ऑइल उष्णतेनं भाजून त्याचा चिवट थर ओरखड्यांमध्ये बसतो. भिंत काचेसारखी चकचकीत होते. याला 'ग्लेझिंग' म्हणतात. एकदा ग्लेझिंग झालं की रिंग नुसती घसरत राहते. गाडी ऑइल खाऊ लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि ताकद कमी होते. त्यानंतर इंजिन खोलून पुन्हा होनिंग करणं हाच भरवशाचा उपाय उरतो.

सोसायट्यांमध्ये आणि हॉस्पिटलमध्ये असलेल्या डिझेल जनरेटरना ही अडचण ओळखीची आहे. मोठा जनरेटर कायम अगदी कमी लोडवर चालवला तर त्याच्या सिलिंडरचं ग्लेझिंग होतं. त्यामुळे साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी लोडवर तो फार वेळ चालवू नये असं सांगितलं जातं.

आणखी एक उदाहरण विमानांचं. अमेरिकेतली लायकमिंग ही कंपनी लहान विमानांची पिस्टन इंजिनं बनवते. नवं किंवा ओव्हरहॉल केलेलं इंजिन पहिल्या तासात साधारण ७५ टक्के शक्तीवर आणि दुसऱ्या तासात ६५ आणि ७५ टक्के शक्तीवर आलटून पालटून चालवावं, असं ही कंपनी सांगते. कारण तेच, रिंगा बसायला दाब हवा. अर्थात ही इंजिनं हवेनं थंड होणारी असतात आणि त्यांची रचना वेगळी असते. तो आकडा जसाच्या तसा कारला लावता येत नाही, पण तत्त्व एकच आहे.

म्हणजे पहिल्या दिवसापासून दाबून चालवायची?

तसंही नाही. इथे भार आणि वेग या दोन गोष्टींची गल्लत होते.

मध्यम आरपीएमवर थोडा भार देणं वेगळं आणि काटा लाल पट्ट्यापर्यंत नेणं वेगळं. नव्या इंजिनात घर्षण जास्त असतं. उंचवटे घासतात तिथे तेवढ्यापुरती उष्णता वाढते. आरपीएम फार वाढवला आणि पाय दाबून ठेवला तर तिथला ऑइलचा पातळ थर तुटू शकतो. मग धातूवर धातू घासून भिंतीवर उभे चरे पडतात. ते मात्र पुढे आपोआप बुजत नाहीत.

शिवाय नव्या गाडीत फक्त इंजिन नवं नसतं. गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक पॅड आणि टायरही नवेच असतात. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा अंश असू शकतो, त्यामुळे सुरुवातीचे काही किलोमीटर पकड थोडी कमी असते. ब्रेक पॅडही डिस्कशी जुळायला वेळ घेतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी गाडी किती पळते हे बघायला जाणं इंजिनपेक्षा आधी जिवाला धोक्याचं आहे.

समृद्धीवर क्रूझ कंट्रोल लावून गेलं तर?

नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि त्याच्या सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. नागपुरात गाडी घेतली आणि त्याच दिवशी क्रूझ कंट्रोल लावून शिर्डी गाठली, हे आता सहज शक्य आहे. नव्या इंजिनासाठी मात्र ही पहिली सफर फारशी बरी नाही.

सपाट रस्त्यावर एकाच वेगानं जाताना आरपीएम एकसारखा राहतो आणि भारही बदलत नाही. रिंगांना वेगवेगळ्या दाबांखाली, वेगवेगळ्या वेगांनी घासायची संधीच मिळत नाही. वेग वाढवला की रिंग भिंतीवर दाबली जाते. पाय उचलला की दाब कमी होतो, ऑइल पुन्हा भिंतीवर पसरतं आणि झिजलेले बारीक कण वाहून नेतं. हा चढ-उतार इंजिन रुळायला मदत करतो.

याचा अर्थ समृद्धीवर जाऊच नका असा नाही. वेग अधूनमधून ८० ते १०० च्या दरम्यान बदलत ठेवा, क्रूझ कंट्रोल टाळा आणि दर तासा-दीड तासानं थांबा. टायर आणि चालक या दोघांसाठीही ते चांगलं.

घाटात उलटी चूक होते. बोरघाट किंवा कसारा घाट चढताना "नवी गाडी आहे, आरपीएम वाढवायला नको" म्हणून अनेक जण गिअर न पाडता चौथ्या-पाचव्यातच गाडी ओढत राहतात. इंजिन धडधडतं, गुदमरतं. कमी आरपीएमवर जास्त भार आला की क्रँकच्या बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ होतो. नव्या काय आणि जुन्या काय, कुठल्याच इंजिनला हे मानवत नाही. चढावर गिअर खाली घ्यावा आणि इंजिनला मोकळेपणानं फिरू द्यावं.

कंपन्या काय सांगतात?

वेगवेगळ्या कंपन्यांची मॅन्युअल्स पाहिली तर त्यातल्या सूचना बऱ्याचशा सारख्या आहेत.

• ह्युंदाई: पहिल्या १,००० किलोमीटरमध्ये इंजिन २,००० ते ४,००० आरपीएमच्या दरम्यान ठेवा, एकाच वेगानं फार वेळ चालवू नका.

• होंडा: पहिले १,००० किलोमीटर एकदम ॲक्सिलरेटर दाबणं टाळा. पहिले ३०० किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळा.

• टोयोटा: पहिले १,००० किलोमीटर फार जास्त वेग नको, एकच वेग फार वेळ नको आणि खालच्या गिअरमध्ये सतत चालवणंही नको.

• बीएमडब्ल्यूच्या 'एम' मालिकेतल्या वेगवान गाड्या: २,००० किलोमीटरला रनिंग-इन सर्व्हिस, ज्यात इंजिन ऑइल बदललं जातं.

मॉडेल आणि वर्षाप्रमाणे आकडे बदलतात. त्यामुळे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच अंतिम. ते पुस्तक बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहतं. पण वॉरंटीचा वाद झाला तर आधी त्याचाच संदर्भ दिला जातो.

मग मोठ्यांचा साठचा नियम आला कुठून?

जुन्या गाड्यांमधून. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेल्या पद्मिनीसारख्या गाड्यांच्या काळात मशीनिंग आजच्याइतकं अचूक नव्हतं आणि ऑइलही आजच्या दर्जाचं नव्हतं. सिलिंडरची भिंत जास्त खरखरीत असे, भाग जुळायला जास्त वेळ लागे. घट्ट बसवलेला पिस्टन जास्त तापून फुगला तर सिलिंडरमध्ये अडकण्याची, म्हणजे इंजिन जॅम होण्याची भीती खरीखुरी होती. ब्रिटनमध्ये तर नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'गाडी रनिंग-इनमध्ये आहे, कृपया पुढे जा' अशा अर्थाचा कागद लावायची पद्धत होती.

आज संगणकावर चालणारी यंत्रं सिलिंडर तयार करतात. 'प्लॅटो होनिंग' नावाच्या पद्धतीत ओरखड्यांचे सगळ्यात उंच टोकदार भाग कारखान्यातच सपाट केले जातात आणि ऑइल धरणाऱ्या खोल रेषा तशाच ठेवल्या जातात. म्हणजे रुळण्याचं बरंचसं काम गाडी शोरूममध्ये येण्याआधीच झालेलं असतं. सेल्समनचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे. पण उरलेलं काम तुमच्याच हातून व्हायचं असतं. ते लागत नसतं तर कंपन्यांनी मॅन्युअलमध्ये त्या सूचना ठेवल्याच नसत्या.

इंजिनचं काम केलं असेल तर काय वेगळं?

जवळपास सगळंच. कारखान्यात जे अचूक यंत्रांवर होतं, ते इथे ब्लॉक लेथवाल्याकडे नेऊन होतं. सिलिंडर झिजला असेल तर तो ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरनं मोठा बोअर करून त्या मापाचा पिस्टन आणि रिंगा बसवतात. हे काम कितपत चोख झालं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. म्हणून काम करून घेताना या गोष्टी विचाराव्यात.

१. होनिंगनंतर ब्लॉक कसा धुतला? होनिंगच्या दगडांचा बारीक चुरा ओरखड्यांमध्ये अडकून बसतो. नुसत्या पेट्रोल-डिझेलनं पुसून तो निघत नाही. साबण आणि गरम पाण्यानं ब्रशनं घासून, लगेच वाळवून ऑइल लावावं लागतं. चुरा आत राहिला तर तोच नव्या रिंगा आणि बेअरिंग खातो.

२. पहिल्यांदा चालू करण्याआधी ऑइल सगळीकडे पोहोचलं का? जोडलेलं इंजिन आतून जवळपास कोरडं असतं. इंधन आणि स्पार्क बंद ठेवून स्टार्टरनं थोडं थोडं फिरवून ऑइलचा दाब तयार करतात आणि मग इंजिन चालू करतात.

३. कूलंटमधली हवा काढली का? हवा अडकली तर इंजिनचा एखादा भाग जास्त तापतो. पहिल्या अर्ध्या तासात तापमानाच्या काट्यावर आणि गळतीवर लक्ष हवं.

४. चालू केल्यावर किती वेळ उभं ठेवणार? काही गॅरेजांमध्ये काम झालेलं इंजिन 'रुळू दे' म्हणून दिवसभर जागेवर चालू ठेवतात. ग्लेझिंगचं कारण वर पाहिलंच आहे. गळती नाही, ऑइलचा दाब ठीक आहे, इंजिन तापलं आहे, एवढं दिसलं की गाडी रस्त्यावर काढणं जास्त योग्य.

रस्त्यावर काढल्यावरची साधी पद्धत अशी. मोकळा रस्ता बघायचा. तिसऱ्या गिअरमध्ये साधारण ४० वरून ६०-७० पर्यंत दमदार पण पूर्ण न दाबता वेग घ्यायचा, मग पाय उचलून गाडी इंजिनच्या जोरावर पुन्हा ४० पर्यंत येऊ द्यायची. असं दहा-बारा वेळा. पुढचे काही दिवस जड माल, ट्रेलर आणि लांबचा घाट टाळायचा.

एक अपवाद लक्षात ठेवायचा. जुन्या पुशरॉड इंजिनांमध्ये सपाट टॅपेट असतात आणि कॅमशाफ्ट नवा टाकला असेल तर पहिली २० ते ३० मिनिटं इंजिन साधारण २,००० आरपीएमच्या वर ठेवतात. कारण त्या कॅमला ऑइल मुख्यतः क्रँकच्या फिरण्यानं उडणाऱ्या शिंतोड्यांतून मिळतं आणि कमी आरपीएमवर ते पुरेसं पोहोचत नाही. रोलर असलेल्या आधुनिक रचनेत याची गरज पडत नाही.

ऑइल लवकर बदलायचं का?

इथे नवी गाडी आणि काम केलेली गाडी यांचे नियम वेगळे आहेत.

काम केलेल्या इंजिनात पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर, साधारण पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच बदलतात. सुरुवातीच्या झिजेतून निघालेला धातूचा चुरा आणि जोडताना लावलेलं ग्रीस त्यात उतरलेलं असतं. काढलेला फिल्टर कापून बघणारे मेकॅनिकही आहेत. राखाडी, चमकदार भुकटी थोडी दिसणं स्वाभाविक आहे. पातळ पत्र्यासारखे तुकडे दिसले तर मात्र बेअरिंग तपासावं लागतं.

नव्या गाडीत घाई नको. काही कंपन्या ठरलेल्या सर्व्हिसआधी ऑइल बदलू नका असं स्पष्ट सांगतात. पहिल्या १,००० किलोमीटरच्या सर्व्हिसला अनेकदा फक्त तपासणी होते, ऑइल बदललं जात नाही. ती फसवणूक नसते.

"सिंथेटिक ऑइलवर रिंगा बसत नाहीत" हा समजही सरसकट खरा नाही. पोर्शेसारख्या कंपन्या कारखान्यातूनच सिंथेटिक ऑइल भरून गाड्या देतात. काम केलेल्या इंजिनात मात्र अनेक मेकॅनिक सुरुवातीला मिनरल ऑइल वापरतात आणि रिंगा बसल्यावर सिंथेटिककडे जातात.

रिंगा बसल्या हे ओळखायचं कसं?

डिपस्टिकवरून. सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, दर काहीशे किलोमीटरला पातळी बघून लिहून ठेवा. सुरुवातीला थोडं ऑइल कमी होणं चालतं. पुढे खप कमी होत स्थिर झाला की काम झालं. तो कमीच होत नसेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी.

धुराचा रंगही सांगतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत शिरत असल्याची शंका घ्यावी.

बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये याकडे दुर्लक्ष करणं आणखी महागात पडतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल कारमध्ये डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी आली. इंजिन ऑइल खात असेल तर त्याची राख या गाळणीत साचते. काजळी जाळून साफ करता येते, राख जळत नाही. म्हणजे न बसलेल्या रिंगांचा खर्च पुढे डीपीएफपर्यंत पोहोचतो.

इलेक्ट्रिक गाडीचं काय?

तिला पिस्टन नाहीत, रिंगा नाहीत, त्यामुळे हा प्रश्नच नाही. पण टायर आणि ब्रेक तिचेही नवेच असतात. उलट ईव्हीमध्ये वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे ब्रेक पॅड रुळायला जास्त वेळ लागू शकतो. पहिले काहीशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून चालवणं तिलाही लागू आहे.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

• चालू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून निघा. जागेवर तापवत बसू नका, पण काटा वर येईपर्यंत दाबूही नका.

• पहिले १,००० किलोमीटर मध्यम आरपीएम, बदलता वेग. ना सतत हळू, ना लाल पट्ट्यापर्यंत.

• घाटात गिअर पाडा. क्रूझ कंट्रोल महिनाभर विसरा.

• डिपस्टिक स्वतः बघायला शिका.

• इंजिनचं काम केलं असेल तर पहिल्या ऑइल बदलाची तारीख आणि किलोमीटर बिलावरच लिहून घ्या. काय बदललं, किती बोअर केलं, हेही त्यात असू द्या. पुढे वाद झाला तर तोच कागद कामाला येतो.